साडेचार वर्षांचा मुलगा खडू मुठीत धरतो, रंगवायला बसतच नाही

दोघांची_आई
नमस्कार. धाकटा साडेचार वर्षांचा आहे, छोट्या शिशूत. गेल्या महिन्यात त्याच्या वहीत शेरा आला, 'रंग रेषेबाहेर जातो, घरी सराव घ्या.' तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्याकडे रडारड. चित्रं रंगवायची तीन पुस्तकं आणली. आंब्याचा एक कोपरा झाला की 'आई, हात दुखतो.' मग खडू ताईच्या हातात देतो आणि स्वतः शेजारी बसून 'इथे हिरवा दे' अशी मुकादमी करतो. खडू मुठीत धरतो, ताक घुसळायची रवी धरावी तसा. बोटं धरून दाखवली की तेवढ्यापुरतं, हात सोडला की परत मूठ. मोठी या वयात छान रंगवायची, म्हणून जास्तच काळजी वाटते. काय करू?

पुण्याचा_बाबा
आमच्याकडे पण हेच होतं. स्केचपेन आणून दिले, पटापट रंगवायला लागला. प्रश्न मिटला.

बालवाडीतल्या_बाई
बाबा, रंगवण्याचा प्रश्न मिटला, हाताचा नाही हो. स्केचपेन नुसता टेकवला तरी उमटतो. मेणाचा खडू दाबल्याशिवाय उमटत नाही, आणि तो दाब हाच तर व्यायाम.

आणि अगं, तू आधी ती तीन पुस्तकं माळ्यावर टाक. मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवली, आता थांबले. रेषेत रंगवणं हे हात तयार झाल्यावर येतं. ज्याचा झाला नाही त्याला तेच रोज करायला लावायचं म्हणजे चालता न येणाऱ्याला जिना दाखवायचा. आणि मोठीशी तुलना नको. तिला आठवून त्याच्याकडे बघू नकोस.

आज एक बघ. तो रंगवताना कोपर हवेत असतं का? मुठीत धरणारी बहुतेक मुलं खांद्यापासून सगळा हात हलवतात, म्हणून लगेच दमतात. खांदा आणि मनगट स्थिर झालं की बोटं सुटी होतात. अंगठा, तर्जनी आणि खाली मधल्या बोटाचा टेकू, ही पकड पक्की व्हायला पाच-सहा वर्षंही लागतात. घाई नाही.

आता खडूंची पेटी घे, कागद सोल आणि सगळे मोड. अंगठ्याच्या एका पेराएवढे तुकडे. (नवीन पेटी मोडताना तुझा जीव कासावीस होईल, माझाही व्हायचा.) एवढ्याशा तुकड्यावर मूठ बसतच नाही, बोटं आपोआप पुढे येतात. तुला 'असं धर, तसं धर' म्हणावं लागत नाही. फक्त घरात रांगतं बाळ असेल तर तुकडे मोजून उचलायचे.

कागद टेबलावर नको, भिंतीवर त्याच्या डोळ्यांसमोर चिकटव आणि उभ्याने रंगवू दे. उभ्या कागदावर मनगट मागे वळतं, ते तसंच हवं. गॅलरी असेल तर तांब्याभर पाणी आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश दे. भिंत रंगवायची, ऊन पडलं की वाळते, परत रंगवायची. माझ्याकडचा एक पोरगा कागदाला हात लावायचा नाही, पण ओट्याची भिंत तासभर 'रंगवायचा'.

आणि रांगोळी! चिमूट म्हणजे तीच तीन बोटं. बाजारची भुकटी डोळ्यानाकात जाते, म्हणून तांदळाची पिठी घे. चार ठिपके तू दे, रेघ त्याला सोडू दे. पहिले आठ दिवस ढीगच पडतील.

पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं जे काम उभं केलं, त्यात शंखशिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं. मटार सोलणं, वाती वळणं, कणकेच्या गोळ्या करणं, सगळं त्याच शाळेतलं.

हाताची_थेरपिस्ट
बाईंशी सहमत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (रोजची कामं हाताला जमावीत म्हणून सराव घेते), दोनच गोष्टी जोडते. दुसरा हात काय करतो तेही बघा. भिंतीवर चार दिवस झाले की पाटावर सुटा कागद द्या, म्हणजे तो धरायला डावा हात शिकेल. (डावखुरा असेल तर उजवा. हात बदलायला लावू नका.) आणि बटण, चमचा, चेंडू पकडणं, जिना चढणं या सगळ्यातच तो अडखळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. फक्त रंगातच असेल तर बाईंचे उपाय करत राहा.

दोघांची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. बटणं, चमचा ठीक आहे, फक्त रंगाचाच वैताग होता. खडू मोडले तेव्हा मोठी रडली, तिला वेगळी पेटी आणावी लागली. गॅलरीची भिंत रोज दोनदा 'रंगवून' होते, शेजारच्या आजी विचारतात, 'मजुरी किती घेतो?' मूठ अजून पूर्ण सुटलेली नाही, लांब पेन्सिल दिली की परत येते. पण काल वहीतल्या बदकाची चोच रेषेत होती. बाकीचं बदक अख्ख्या तळ्यात पसरलं होतं.

काकू, एक अडचण. पिठीच्या रांगोळीला मुंग्या लागतात, त्याचं काय करू?

बालवाडीतल्या_बाई
उंबऱ्याबाहेर काढायला लाव. पिठीची रांगोळी मुंग्यांसाठीच असते.