मदत हवी आहे: १० अंशांनी रिॲक्शन दुप्पट फास्ट कशी होते?

सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून बीकरखालच्या कागदावर काढलेली फुली कधी दिसेनाशी होते तो प्रयोग करतेय, गंधक तयार होत जातं तसं द्रावण हळूहळू दुधाळ पिवळट होतं, बघतच राहावंसं वाटतं. २५ ऐवजी ३५ अंशांना केला तर फुली जवळपास निम्म्या वेळात गायब! कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की रेणूंच्या टकरी वाढतात हे पटतं, पावडर खड्यांपेक्षा लवकर का संपते तेही कळलं. पण २९८ केल्विनचं ३०८ (म्हणजे तेच २५ चे ३५ अंश) केलं तर रेणूंचा सरासरी वेग २ टक्केसुद्धा वाढत नाही ना, मग दुप्पट कुठून आलं? ॲक्टिव्हेशन एनर्जी (रिॲक्शन व्हायला लागणारी किमान ऊर्जा) ओलांडणारे रेणू वाढतात एवढं वाचलंय, पण एवढ्याशा फरकाने ते दुप्पट कसे होतात हे कुणी आकडे घेऊन समजावून सांगाल का प्लीज?