काळ्या मेंदीनं खाज, बोअरचं पाणी आणि भांगातले पांढरे केस: काय वापरावं? (सांगली)

विश्रामबाग_वाचक
जाणकारांचा सल्ला हवा आहे. वय सेहेचाळीस. केस कमरेपर्यंत, जाड, रोज एक वेणी. पांढरे केस भांगात आणि दोन्ही कानशिलांवर, मागे जवळजवळ नाहीत. दर महिन्याला बाजारातली काळी मेंदी लावते. अलीकडे लावली की कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज सुटते, बारीक पुरळ येतं आणि तीन-चार दिवसांनी बसतं. अंघोळीला बोअरचं पाणी, नळाला सकाळी तासभरच येतं. टोकं राठ झालीत. मे महिन्यात घरात लग्न आहे. घरी काय लावावं, की पार्लरमध्येच जावं? अमोनिया नसलेला रंग चालेल का?

काष्ठौषधी_मिरज
ताई, ती काळी मेंदी आजपासून बंद करा. मेंदीच्या पानातून रंग निघतो तो फक्त केशरी-तांबडा. जी पूड तासाभरात केस काळेभोर करते तिच्यात दुसरं काहीतरी असतंच. पाकीट उलटं करून घटक वाचा. पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमीन, आणि जोडीला बेरियम पेरॉक्साइड अशी नावं बऱ्याच काळ्या मेंदींवर बारीक अक्षरात सापडतील. म्हणजे तो केमिकल डायच आहे, मेंदी नावापुरती.

खाज आणि पुरळ ही पीपीडीच्या अ‍ॅलर्जीची अगदी ओळखीची खूण आहे. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या प्रत्येक वेळी जोर वाढू शकतो. आज पुरळ आलं, उद्या डोळे सुजतील. लावल्यावर चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास झाला, तर डोकं भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

अमोनियाचं म्हणाल तर अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असं अजिबात नव्हे. अमोनियाऐवजी बहुधा मोनोइथेनॉलअमीन घालतात, त्यामुळे वास कमी येतो, एवढंच. रंग देणारं रसायन तेच किंवा त्याच्या भावकीतलं. ‘पीपीडी-फ्री’ लिहिलेल्या काही रंगांत टोल्युइन डायअमीन असतं, आणि पीपीडी न सोसणाऱ्या कित्येकींना तेही सोसत नाही. तुम्हाला पुरळ येऊन गेलंय, तेव्हा घरच्या घरी असा रंग हातावर लावून बघू नका. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात, ती एकदा करून घ्या. आणि लग्नात हातावर तो झटपट काळा होणारा कोन काढायला बसू नका, त्यातही पीपीडी घातलेलं असू शकतं.

तुमच्यासाठी मार्ग एकच दिसतो: शुद्ध मेंदी, आणि काळेपणा हवाच असेल तर त्यावर इंडिगो.

कृष्णाकाठ
इंडिगो म्हणजे नीळीच्या झाडाच्या पानांची हिरवी पूड. कपड्यांची नीळ नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण दुकानात ‘नीळ’ मागितलं की भलतंच हातात येतं. गणपती पेठेत किंवा कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात ‘केसांची इंडिगो पूड’ म्हणून मागा. घटकांत फक्त पानांची पूड असायला हवी. इंडिगोतही भेसळ होते, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा, अर्ध्या-पाऊण तासानं धुवा आणि पुढचे ४८ तास लक्ष ठेवा. मेंदीचीही अशीच वेगळी परीक्षा करा.

आता कृती. तुम्हाला फक्त मुळं झाकायचीत, म्हणून मेंदी ५० ते ६० ग्रॅम आणि इंडिगो तेवढाच पुरे. कमरेपर्यंतचे अख्खे केस भिजवायला पाव किलोवर लागते, पण दर वेळी त्याची गरज नाही.

आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवा. तेल नको, कंडिशनर नको. मेंदी कोमट पाण्यात चमचाभर लिंबू पिळून इडलीच्या पिठाएवढी घट्ट भिजवा आणि झाकून ठेवा. थंडीत रात्रभर लागते. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तीन-चार तासांत रंग सुटतो, रात्रभर ठेवली तर उतरलेली मेंदी लावाल. ठिपकाभर तळव्यावर ठेवून पाच मिनिटांनी पुसा, केशरी डाग पडला की तयार. कानशिलापासून सुरुवात करा, कारण तिथले केस सगळ्यात चिवट. भांग पाडून बोटभर रुंदीच्या बटा घ्या आणि मुळाशी जाड थर द्या. प्लॅस्टिकची टोपी घालून दोन तास. मग नुसत्या पाण्यानं धुवा, शाम्पू नाही.

इंडिगोचा स्वभाव उलटा. लिंबू, दही, चहा, काही नको. साधं कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. भिजवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत वरचा थर निळसर काळा दिसतो, लगेच लावायचा. अर्धा तास रेंगाळलात तर जोर कमी झालेला असतो. सव्वा ते दीड तास टोपीखाली ओलसर राहू द्या, सुकला की रंग चढायचा थांबतो आणि झडून फरशीभर होतो. पाण्यानं धुवा आणि ४८ तास शाम्पू नको. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसेल, घाबरू नका. हवेनं रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद होतो.

बिघडतं ते असं. मेंदीचा थर न देता नुसता इंडिगो पांढऱ्या केसांवर लावला तर निळे-हिरवे केस होतात. जुनी, उघडी राहिलेली पूड असेल तर तपकिरीवरच थांबतं. कानशिलं तांबडी राहिली तर तेवढ्यापुरता इंडिगो दोन दिवसांनी पुन्हा लावा, सगळं डोकं परत भिजवू नका.

कासचं_पाणी
साताऱ्याहून लिहिते. पाण्याकडे कुणी बघितलं नाही. आमच्याकडे शहराच्या बऱ्याच भागात कास तलावाचं पावसाचं पाणी येतं, ते मऊ. चमचाभर शाम्पूत डोकं भरून फेस होतो. तोच शाम्पू सांगली-मिरजेच्या बोअरवर तिप्पट घालूनही फेस येत नाही, कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जादा पाण्यानं जमीन खारवट झाली आहे, तिथल्या काही बोअरना तर चवीलाच क्षार लागतो. साबण वापरला की चिकट पांढरा थर केसांवर बसतो. त्या थरावर मेंदी ठिगळठिगळ चढते, इंडिगो तर फारच. तुमची राठ टोकं मला या दोन्हींची मिळून वाटतात, वर्षानुवर्षाचा डाय आणि पाणी.

सोपं करा. सकाळी नळाला पाणी आलं की एक बादली भरून ठेवा. रोजची अंघोळ बोअरनं होऊ द्या, डोकं मात्र नळाच्या पाण्यानं. तेही जमलं नाही तर निदान शेवटचे दोन तांबे नळाचे. आरओ मशीनमधून बाहेर जाणारं पाणी बादलीत धरून त्यानं केस धुणाऱ्या बायका आहेत. पाणी वाचवण्याची कळकळ चांगली, पण सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. ते फरशीला वापरा. उकळून काही अंशी कठीणपणा जातो, खारेपणा जात नाही. रंगाच्या आधीच्या धुण्याला ‘क्लॅरिफाइंग’ शाम्पू घ्या, घटकांत ईडीटीए असलेला, म्हणजे साचलेला थर निघतो. महिन्यातून एकदा बस, रोज वापरलात तर केस कोरडे पडतील.

आणि एक मनापासून विचारते: काळंकुळकुळीतच हवं का? नुसत्या मेंदीनं पांढरे केस तांबूस सोनेरी होतात, बाकीच्या काळ्यात ते रेषांसारखे मिसळतात. काळ्याभोर रंगावर पंधरा दिवसांत भांगात पांढरी रेघ डोकावते, तांबूसवर महिनाभर डोळ्यांत येत नाही. काम निम्मं होतं.

पार्लर_गावभाग
वरच्या ताईंशी सहमत. ज्यांना अ‍ॅलर्जी नाही अशा बाकीच्या वाचकांसाठी रंगाचं सांगते, विश्रामबागच्या ताईंनी हे करू नये.

एक नंबर काळा घेऊ नका, तीन किंवा चार नंबरचा तपकिरी घ्या. आपल्या केसांवर तो काळाच दिसतो, उन्हात जरा उबदार. पांढरे झाकायला २० व्हॉल्यूमचा म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर पुरतो. ४० व्हॉल्यूमनं रंग पक्का बसतो हा गैरसमज, केस मात्र जळतात. प्रमाण पाकिटावर असेल ते, कुठे एकास एक, कुठे एकास दीड. अंदाजे ओतू नका. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं. कपाळाच्या कडेला आणि कानाच्या पाळीवर व्हॅसलिन. आधी कानशिलं, मग भांग, मग मागचं, साधारण ३० ते ३५ मिनिटं. केस महिन्याला सेंटिमीटरभर, सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणून रंग तेवढ्याच पट्टीवर. दर महिन्याला टोकापर्यंत ओढणं ही सगळ्यात मोठी चूक. वर तपकिरी, खाली डांबरी असे केस तिथूनच होतात आणि टोकं तुटतात. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू साचून झाकण उडतं. टाकून द्या.

काळ्या मेंदीचे केस असतील तर हायलाइट किंवा ब्लीच करायच्या आधी कंगव्यातले गळलेले केस वाटीत घेऊन डेव्हलपर आणि ब्लीच पावडर कालवून टाका. वाटी गरम झाली, फेस आला किंवा केस विरघळल्यासारखे झाले, तर केसांवर धातूचे क्षार आहेत. त्या डोक्याला ब्लीच लावू नये, पार्लरवाली ‘काही होत नाही’ म्हणाली तरी.

विश्रामबाग_वाचक
फार उपयोगी. मुलगी लग्नासाठी केस सरळ करून घ्यायचं म्हणतेय, वय बावीस, कुरळे केस. दोन ठिकाणी विचारलं, दोघींनी ‘केराटिन’ सुचवलं.

पार्लर_गावभाग
‘केराटिन’ हे दुकानातलं नाव झालं, बाटलीत काय आहे ते विचारा. काहींतून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. दुसऱ्या प्रकारात ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, आणि ते वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरण २०२४ साली एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं आहे. बाटलीवर यातलं काही असेल तर मी कुणाच्या मुलीला करू देणार नाही. बाटलीच न दाखवणाऱ्या पार्लरमधून उठून यावं.

एका दिवसाच्या लग्नाला इस्त्री पुरते. केस पूर्ण सुकलेले हवेत. ओल्या केसावर इस्त्री फिरली की आतलं पाणी उकळतं, केसात बुडबुडे होतात आणि तिथेच तो तुटतो. तापमान १५० ते १८०. मशीनवर २३० लिहिलंय म्हणून तिथं जायचं नसतं. हीट प्रोटेक्टंट आधी, एका बटेवरून एकदा, फार तर दोनदा. नऊवारीवर खोपा किंवा गंगावन घालणार असाल तर कुरळे केस तसेच राहू द्या, पिना घट्ट धरतात, सरळ केसांवरून घसरतात. गंगावन जड असेल तर ते कानशिलाच्या केसांवर ओढू नका, अंबाड्याच्या मुळाशी बांधा.

कृष्णाकाठ
तेलाचं राहिलं. खोबरेल धुण्याच्या आधी दोन-तीन तास, टोकांना जास्त, टाळूला बोटभर. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रथिन कमी करतं, २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना झाली तेव्हा हे फक्त खोबरेलानं साधलं. कोंडा असेल तर मात्र टाळूला तेल नको, कोंड्याची बुरशी तेलावर पोसते. दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे.

शिकेकाई वापरणार असाल तर अर्धा किलो शिकेकाई, शंभर ग्रॅम बिया काढलेला रिठा, शंभर ग्रॅम आवळकाठी, पन्नास मेथी, थोडा नागरमोथा. रात्री भिजवा, सकाळी उकळून मलमलच्या फडक्यातून गाळा. पूड तशीच चोळली की कण टाळूवर राहतात आणि पुन्हा खाजच. बोअरच्या पाण्यात साबणापेक्षा ही बरी, साका धरत नाही. इंडिगो लावल्यावर पहिला आठवडा मात्र नको.

विश्रामबाग_वाचक
शेवटचं. मेंदीत दही आणि अंडं घालायची सवय आहे, घालू का? आणि मे महिन्यासाठी नेमकं कधी लावू?

कृष्णाकाठ
दोन्ही नको. मेंदीचा रंग प्रथिनाला धरतो, दह्यातल्या आणि अंड्यातल्या प्रथिनालाच धरून बसला तर केसांना कमी उरतो. लोखंडी कढई चालते, पण पुढे इंडिगो लावणार असाल तर तिनं फार फरक पडत नाही.

पहिला प्रयोग आत्ता, कानामागच्या एका बटेवर. खाज नाही आणि रंग पटला तर एप्रिलच्या सुरुवातीला सगळी मुळं. लग्नाच्या आधी पाच दिवस शेवटचा हात: दोन दिवस रंग बसायला, मग एक शाम्पू, म्हणजे उशी आणि शालू दोन्ही वाचतील. हळदीच्या दिवशी भांगाच्या कडेला खोबरेलाचं बोट फिरवा, पांढऱ्या केसाला हळद चटकन धरते. उरलेली भिजवलेली मेंदी डबीत घालून फ्रीझरमध्ये महिनाभर टिकते. भिजवलेला इंडिगो ठेवता येत नाही, लागेल तेवढाच कालवा.