रवणावर (अंडी उबवायला) बसलेली कोंबडी: विसाव्या दिवशी एका अंड्याला टोच पडली आहे, पुढे काय करावे?

प्रश्न: खटावची सून

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, वडूजपासून जवळच्या एका वाडीत राहते. आमच्याकडे पाच-सहा गावठी कोंबड्या आणि दोन गिरिराज जातीच्या कोंबड्या आहेत. पाडव्याच्या सुमारास एक तांबडी गावठी कोंबडी खुडूक झाली, तेव्हा पाटीत राख आणि वर गव्हाचे काड पसरून मी तिला गोठ्याच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशाला, अकरा अंड्यांवर संध्याकाळी बसवले. आज विसावा दिवस आहे.

परवापर्यंत ती रोज एकदा उठायची, दाणे टिपून आणि उकिरड्याशेजारच्या धुळीत अंग घुसळून पंधरा-वीस मिनिटांत परत यायची. कालपासून मात्र ती जागची हललेली नाही आणि पुढ्यात ठेवलेल्या ज्वारीकडे तिने ढुंकूनही पाहिलेले नाही. आज सकाळी मी तिच्या पंखाखाली हात घातला (तिने मनगटावर मारलेली चोच अजून ठणकते आहे), तेव्हा एका अंड्याच्या जाड टोकाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढी चांदणीसारखी चीर दिसली आणि अंडे कानाशी धरल्यावर आतून बारीक चिवचिव ऐकू आली. आता सायंकाळचे सहा वाजले आहेत आणि चीर होती तेवढीच आहे. पिल्लू आत गुदमरत तर नसेल? सुईने किंवा नखाने कवच थोडे उकलून द्यावे का?

आणखी एक घोळ झाला आहे. अंडी अकराच्या जागी तेरा निघाली, म्हणजे कोंबडी दाणे टिपायला उठली असताना गिरिराजीने त्याच पाटीत दोन अंडी घातलेली दिसतात. सासूबाई म्हणतात की सगळी अंडी कोमट पाण्यात सोडून पाहावी, ज्यांत जीव आहे ती हलतात, बाकीची टाकून द्यावी. दुपारी पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही, म्हणून पाटी पडवीत हलवावी असे माझ्या मनात आहे. त्यात काल वळवाचा पाऊस गडगडून गेला. विजेच्या आवाजाने अंडी खराब होतात म्हणून सासूबाईंनी पाटीत एक लोखंडी खिळा ठेवला आहे. जाणकारांनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

उत्तर: कोरेगावकर, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, सर्वप्रथम हात आवरा. टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे हे नेहमीचे आहे आणि या काळात बाहेरून काहीच घडताना दिसत नसले तरी आत पुष्कळ काम चाललेले असते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू प्रथम अंड्याच्या जाड टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास तेथे घेते. ती हवा पुरेनाशी झाली की चोचीवरच्या कठीण टोकाने ते कवचाला टोच पाडते. त्यानंतर ते दमून पडते असे आपल्याला वाटते, पण त्याच वेळात कवचाच्या आतील पापुद्र्यात पसरलेल्या रक्तवाहिन्यांमधील रक्त त्याच्या अंगात ओढले जात असते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात जात असतो. हे पुरे होण्याआधी आपण नख लावले, तर पापुद्रा फाटून रक्त वाहते आणि बलक बाहेर राहिलेले पिल्लू जगत नाही. ज्याची आतली तयारी पूर्ण झाली, ते आपण होऊन गोल फिरत फिरत कवचाचे टोपण कापते आणि ढकलून बाहेर पडते.

दिवसांच्या मोजणीतही एक गफलत नेहमी होते. कोंबडी संध्याकाळी बसवली असेल, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दिवस पुरा झाला असे धरावे. आपण बसवल्याचाच दिवस पहिला धरला असेल, तर आज विसावा नसून एकोणिसावा दिवस भरतो आहे. एकवीस दिवस हे सर्वसाधारण मान आहे. अंडी बसवण्यापूर्वी आठवडाभर साठवलेली असली तर थोडा उशीर होतो. त्यामुळे पहिल्या पिल्लानंतर उरलेल्या अंड्यांना निदान दीड-दोन दिवसांची मुदत द्यावी.

कोंबडी उठत नाही, खात नाही, याची चिंता करू नये. अंड्यांतील चिवचिव तिला आपल्या आधी ऐकू येते; तिचा तो खालच्या पट्टीतला कुक्-कुक् आवाज आपण ऐकला असेल, तो पिल्लांना दिलेला प्रतिसाद असतो. रवणावर बसलेली कोंबडी तशीही नेहमीच्या चतुर्थांशाहून कमी खाते आणि अंगाने उतरते. पाणी मात्र तिची मान पोहोचेल इतके जवळ ठेवावे, आणि तेही उथळ भांड्यात, कारण रात्री एखादे पिल्लू बाहेर आले आणि वाटीत पडले तर सकाळी काय दिसेल हे सांगायला नको.

पाण्यात अंडी सोडण्याची परीक्षा जुनी आहे आणि अठराव्या दिवसापर्यंत, कवच अखंड असताना, ती करणाऱ्यांना माझा फार विरोध नाही. टोच पडलेले अंडे पाण्यात सोडणे म्हणजे मात्र आतल्या पिल्लाला बुडवणे आहे. ज्यांना अशी टोच अजून दिसत नाही, त्यांच्याही कवचाला केसाएवढा तडा असू शकतो. सासूबाईंना हे एवढे समजावून सांगावे. खरी परीक्षा सातव्या रात्री करायची असते: मोबाईलची बत्ती अंड्याच्या जाड टोकाला लावली की फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि वांझ अंडे नितळ दिसते. पुढच्या खेपेस तसे करावे, आणि बसवतानाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे पाहुणी अंडी रोजच्या रोज उचलता येतात.

गिरिराजीची दोन अंडी मोठी आणि तपकिरी असणार, शिवाय ती धुरकट, ताजी दिसतील; वीस दिवस उबलेल्या अंड्यांना कोंबडीच्या अंगाने एक तुकतुकीत झाक येते. हात घालताना सहज हाती लागली तर ती काढून घ्यावीत, नाही लागली तर राहू द्यावीत, त्यांच्यासाठी कोंबडीला उठवू नये. काढलेली अंडी किती दिवस उबली हे माहीत नसल्यामुळे ती खाण्यात वापरू नयेत.

खिळा असू द्या, त्याचा उपद्रव नाही. गडगडाटाने अंड्यातला जीव मरत नाही; पावसाचे पाणी पाटीत शिरले किंवा बिथरलेली कोंबडी तासन्तास बाहेर राहिली, तर अंडी गार पडून मरतो. सासूबाईंचे पाहणे बहुधा खरे असते, त्याचे कारण तेवढे वेगळे असते.

उत्तर: शिराळ्याचा शेतकरी

कोरेगावकर काकांनी सांगितले ते मी माझ्या हाताने उलटे करून पाहिले आहे, म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी सोळा तास झाले तरी एक पिल्लू निघेना, म्हणून मी कवचाचा टवका काढला. खालचा पापुद्रा पांढरा आणि कोरडा नव्हता, त्यावर लाल शिरा स्पष्ट दिसत होत्या, तरीही मी थांबलो नाही. शिरेतून रक्ताचा थेंब आला, मग दुसरा आला, आणि पिल्लू माझ्या तळव्यावरच गार झाले. त्याच्याबरोबर टोच पडलेली दुसरी तीन अंडी मी रागाने तशीच सोडून दिली होती, ती तिन्ही पिल्ले सकाळी कोंबडीच्या पंखातून डोके काढून बघत होती.

पाटी हलवण्याविषयी माझे मत असे की आता हलवू नये. जागा बदललेली कोंबडी कधीकधी अंडी सोडून पूर्वीच्या कोपऱ्यात जाऊन रिकाम्या जमिनीवर बसते. आमच्याकडे एकीने तसे केले होते. त्याऐवजी आहे त्या जागीच बंदोबस्त करावा. आमच्या भागात साप फार, धामण अंडी गिळते आणि मुंगूस तर कोंबडीलाही ठेवत नाही, म्हणून रात्री पाटीवर मोठे डालगे (विणलेले टोपले) पालथे घालून त्यावर दगड ठेवावा. डालग्याच्या फटीतून वारा खेळतो, त्यामुळे कोंदत नाही. फुटलेल्या कवचांचा आणि ओल्या काडाचा वास मुंग्यांना लगेच लागतो, हे मात्र विसरू नका. पाटीच्या भोवती राखेची जाड रेघ ओढावी आणि दिवसातून दोनदा पाहावे. ओल्या पिल्लाला मुंग्या डोळ्यांपासून धरतात.

उत्तर: माणदेशी (आटपाडी)

उकाड्याविषयी कोणी लिहिले नाही, आणि आपल्या दुष्काळी पट्ट्यात घात तिथेच होतो. कोंबडीखालच्या अंड्याला साधारण साडेसदतीस अंश ऊब लागते. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त होते, मग कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते आणि अंड्यांवरून उठून उभी राहते. अशा वेळी ओली पोती पत्र्यावर टाकावीत आणि एक पोते उन्हाच्या बाजूला पडद्यासारखे बांधावे.

दुसरी गोष्ट म्हणजे हवेतला कोरडेपणा. शेवटच्या तीन दिवसांत हवा फार कोरडी असली तर टोच पडल्यानंतर पापुद्रा वाळून चामड्यासारखा पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला फिरता येत नाही. म्हणून मी अठराव्या दिवसापासून रोज अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवतो.

उत्तर: कोरेगावकर, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

पोत्यांची सूचना उत्तम आहे, ती माझ्याकडून राहून गेली. अंड्यांवर पाणी शिंपडण्याशी मात्र मी सहमत नाही. बदकाच्या अंड्यांना तसे करतात, कोंबडीखालच्या अंड्यांना त्याची गरज नसते, कारण खुडूक कोंबडीच्या पोटावरची पिसे झडून उघडी पडलेली कातडी अंड्यांना ऊब आणि दमटपणा दोन्ही देते. पाणी द्यायचेच असेल तर पाटीभोवतीच्या जमिनीला द्यावे. गोठ्याची भुई सकाळ-दुपार ओली केली की तेवढा ओलावा पुरतो. टोच पडलेल्या अंड्यांवर तर थेंबही नको.

खटावची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री डालगे पालथे घातले, पत्र्यावर पोती टाकली आणि हात मागे बांधून बसले, हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. पहाटे पाच वाजता त्या चीर पडलेल्या अंड्याचे टोपण उडालेले होते आणि तांबडीच्या छातीखालून एक ओले, पिंजारलेले डोके दिसत होते. दुपारपर्यंत चार झाली. आणखी तीन अंड्यांना टोच आहे. सासूबाई त्यांना बाजरीची कणी घालायला निघाल्या आहेत, कधी घालावी?

उत्तर: कोरेगावकर, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

अभिनंदन. कणीची घाई नाही. पोटात गेलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज निभावते, आणि निसर्गाने ही सोय याचसाठी केली आहे की पहिल्या पिल्लाच्या भुकेपायी कोंबडीला उरलेली अंडी सोडून उठावे लागू नये. अधूनमधून रिकामी कवचे तेवढी काढून घ्यावीत, कारण मोठे टोपण दुसऱ्या अंड्यावर बसले तर आतले पिल्लू अडकते.

सगळी निघून सुकली की बशीत खडे टाकून पाणी ठेवावे, पहिल्या पाण्यात किंचित गूळ घातला तरी चालतो. दाण्यात बाजरीची किंवा तांदळाची कणी वाईट नाही, पण ती एकटी पुरत नाही. पिल्लांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, म्हणून पहिले महिना-दीड महिना पिल्लांचे खाद्य आणावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना अजिबात घालू नये, त्यातील चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. तांबडी कोंबडी पिल्लांचे खाद्य खाईल, त्याने तिचे काही बिघडत नाही.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब द्यावी. लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते आणि कालवल्यावर ती लगेच वापरावी लागते, तेव्हा वाडीतील चार घरांची पिल्ले एकाच दिवशी एकत्र आणली तर कोणाचेच नुकसान होत नाही. लस बर्फात ठेवून आणावी; खिशात घालून दुचाकीवरून आणलेल्या लसीने काय साधते ते मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. पुढे सातव्या-आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस द्यावी.

उत्तर: शिराळ्याचा शेतकरी

पहिले पंधरा दिवस पिल्ले अंगणात सोडताना घारीकडे लक्ष असू द्या. कोंबडी एकदम लांबट आवाज काढून पंख पसरेल आणि पिल्ले जिथल्या तिथे दबतील. तो आवाज आला की हातातले काम टाकून बाहेर या.

खटावची सून

शेवटची नोंद करते. अकरापैकी नऊ पिल्ले निघाली. एक अंडे वांझ होते आणि एकात पूर्ण वाढलेले पिल्लू टोच न पाडताच मेले होते. गिरिराजीची दोन्ही अंडी सापडली, ती काढून पुरली. आज तिसऱ्या दिवशी सकाळी तांबडी आपण होऊन पाटीबाहेर आली, नऊ जणांना घेऊन उकिरड्यापर्यंत गेली आणि इतकी मोठी घाण टाकली की सासूबाईंनी नाकाला पदर लावला. त्यानंतर तिने पोटभर ज्वारी खाल्ली. लसीसाठी शेजारच्या तीन घरांशी बोलले आहे, येत्या रविवारी देण्याचे ठरले आहे. खिळा सासूबाईंनी धुऊन कोनाड्यात ठेवला आहे.