फ्लोरेंटिनोने वाट पाहिली, म्हणून ते प्रेम?

निवांत_वाचक
गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन लेखकाची 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' (मूळ स्पॅनिश, १९८५) ही कादंबरी एकदाची वाचून झाली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: फर्मिना दासा तरुणपणी फ्लोरेंटिनो अरिसाला झिडकारते आणि डॉक्टर उर्बिनोशी लग्न करते. म्हातारपणी डॉक्टर पोपट पकडायला आंब्याच्या झाडाला लावलेल्या शिडीवर चढतो, पडतो, मरतो. त्याच रात्री फ्लोरेंटिनो तिच्यापुढे हजर! ५१ वर्षं, ९ महिने, ४ दिवस थांबलेला. तिने हाकलून दिलं, बरं केलं.

सगळे याला अमर प्रेमकथा म्हणतात. माझ्या मते खरी प्रेमकथा आहे ती फर्मिना आणि डॉक्टरची. न्हाणीघरातल्या साबणावरून भांडण होतं. हा म्हणतो आठवडाभर साबण नव्हता, ती म्हणते होता. खरं तर तीनच दिवस नव्हता, पण माघार कोण घेणार? अबोला महिनोन्‌महिने. शेवटी तो तिच्या शेजारी पलंगावर आडवा होतो, ती उठवायला जाते, तर म्हणतो, झोपू दे इथेच, होता साबण. पन्नास वर्षांचा संसार त्या एका खोट्यात आलाय.

खडीसाखर
आणि डॉक्टरचं लग्नानंतरचं बार्बरा लिंच या बाईबरोबरचं लफडं? ते सोयीस्कर विसरलात. त्याच्या कपड्यांच्या वासावरून फर्मिनाने ते ओळखलं, घर सोडून गेली. साबण तेवढा लक्षात राहिला तुमच्या!

दुसरं म्हणजे फ्लोरेंटिनो शेवटपर्यंत तोच राहत नाही. तरुणपणीची त्याची पत्रं म्हणजे नुसतं पाघळणं. म्हातारपणीची टाइप केलेली पत्रं बघा. त्यात प्रेमाची भीक नाही. आयुष्य, म्हातारपण, मरण यांवरचा विचार आहे. वैधव्यात तिला सावरायला तीच पत्रं उपयोगी पडतात. शेवटी त्याच्याबरोबर नदीतल्या बोटीवर ती स्वतःच्या मर्जीने जाते, कुणी ओढून नेत नाही.

निवांत_वाचक
पत्रांचं मान्य. डॉक्टर धुतल्या तांदळाचा आहे असं मी कुठे म्हटलं? पण वाट बघता बघता ६२२ लफडी करून त्यांच्या वह्या भरणाऱ्या फ्लोरेंटिनोच्या निष्ठेचे गोडवे मला गाता येत नाहीत.

अर्धविराम
६२२ वर अडून बसू नका, ते मोठ्या माणसांचं आपापसातलं. मला खुपते ती अमेरिका विकुन्या. चौदा वर्षांची मुलगी, हा सत्तरी ओलांडलेला, आणि घरच्यांनी तिला त्याच्याच भरवशावर शहरात शिकायला पाठवलेलं. फर्मिनासाठी तो तिला बाजूला सारतो, मुलगी जीव देते, आणि बोटीवर याला तिच्या मरणाची तार येते. पान उलटलं की पुन्हा नदी आणि प्रेम. अनेकांना तिचं नावही आठवत नाही. त्याची दुसरी एक प्रेयसी, लग्न झालेली ऑलिंपिया झुलेता, तिचं तेच: याने तिच्या पोटावर रंगाने लिहिलं, ते नवऱ्याला दिसलं आणि त्याने तिचा गळा चिरला. यानंतर या महाशयांना सगळ्यात मोठी धास्ती कसली, तर फर्मिनाला कळेल याची!

खडीसाखर
पण हे सगळं लेखकानेच लिहिलंय ना? लपवायचं असतं तर तार कशाला धाडली असती? वाचक विरघळत असतानाच तो ती हातात देतो. ही कादंबरी फ्लोरेंटिनोची वकिली करत नाही.

अर्धविराम
वकिली करत नसेल, पण शिक्षाही देत नाही. तारेनंतर किती ओळी त्या मुलीच्या वाट्याला येतात, ते पुन्हा उघडून बघा. मग बोलू.