मदत हवी आहे: मसाल्याच्या ईमेल पत्रात दर महिन्याला लिहू तरी काय?

नमस्कार मंडळी. ठाण्यात, नौपाड्यात माझा घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. गोडा मसाला, मालवणी, मेतकूट, भाजण्या, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकते, पण ते दुसऱ्या दिवशी गायब. म्हणून गिऱ्हाइकांना विचारून ईमेल पत्ते वहीत उतरवून घेतले. ३४० झालेत.

पहिली तीन पत्रं म्हणजे नुसती सूट आणि भाव. एका काकूंनी "मला यातून काढ गं" म्हणून फोनच केला. चौथ्या वेळी सूट द्यायला काही नव्हतं. त्याच आठवड्यात मेतकुटाची हरभरा डाळ जास्त भाजली गेली आणि अख्खी खेप करपट लागायला लागली. फेकून दिली. मग तेच लिहिलं: डाळ कुठल्या रंगावर उतरवायला हवी होती, मी फोनवर बोलत कशी राहिले, आणि म्हणून मेतकूट आठ दिवस उशिरा. एकोणीस उत्तरं आली! एकीने तर तिची आजी सुंठ किती घालायची तेही कळवलं.

आता दर महिन्याला काहीतरी करपवू का? विषय सुचवा. आणि खरी अडचण वेगळीच आहे. सासूबाई म्हणतात, "कृती सांगत सुटलीस तर विकत घेणार कोण?" तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १
ताई, खुशाल सांगा. दगडफूल निवडत आणि खोबरं भाजत बसायला वेळ असता तर लोक तुमच्याकडे आलेच नसते.

विषय पंचांगातच आहेत. मार्च-एप्रिलला मिरची: रंगाला बेडगी, ठसक्याला लवंगी, वाशीच्या मसाला मार्केटमधून आणून डंकावर जाईपर्यंत तिचं काय काय होतं ते. डंकावरचा एक फोटो टाका, वाचणाऱ्याला शिंक आली पाहिजे. पावसाळ्यात बरणीत ओला चमचा का नको, हिंगाचा खडा का ठेवायचा. श्रावणात उपासाची भाजणी. दिवाळीआधी चकली: मोहन जास्त झालं की तेलात विरघळते, कमी पडलं की दगड. हे मात्र दहा-बारा दिवस आधी पोचायला हवं, चकल्या बिघडल्यावर उपयोग नाही.

त्याशिवाय फोनवर लोक जे विचारतात ते त्याच वहीत लिहीत जा. एकाच महिन्यात तिघांनी विचारलं की झाला विषय.

प्रतिसाद २
साध्या जीमेलवरून पाठवत असाल तर दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, तूर्त चालेल. पत्ते बीसीसीमध्येच टाका, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील. खाली "पत्र नको असेल तर कळवा" ही ओळ हवीच, म्हणजे काकूंना फोन करावा लागणार नाही. आणि विषयाच्या जागी "एप्रिलचे वार्तापत्र" असलं काही नको. "मेतकूट करपलं" लिहा, मी तरी लगेच उघडेन.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चकलीचं मोहन सांग हवं तर. गोड्या मसाल्याचं प्रमाण मी असेपर्यंत नाही."