मदत हवी आहे: परसातला शिंजीर धूसर येतो, ऑगस्टमध्ये मसाई मारा. लेन्स बदलू की पद्धत?

परसदार

नमस्कार मंडळी. घर चिपळूणजवळ आहे. मागच्या परसात जास्वंद, कर्दळ आणि हमेलियाचं झुडूप आहे, त्यामुळे शिंजीर, बुलबुल, शिंपी, दयाळ रोजचेच. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवाला. लेन्स सिग्मा १५०-६०० मिमी कंटेम्पररी. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून ३ ते ५ मीटरवर हातात धरून फोटो काढतो. ६०० मिमी, एफ ६.३ (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं), शटर १/५०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, पण संगणकावर १०० टक्के केला की पिसं विरघळल्यासारखी दिसतात.

ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात निघालोय. तिथे असंच झालं तर पुन्हा जाणं काही लगेच जमणार नाही. लेन्स बदलावी का? ट्रायपॉड न्यावा का? आणि नैरोबीहून पुढे लहान विमान आहे, त्यात हे सगळं कसं न्यायचं?

तांबट

लेन्स बदलू नका. आधी धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. चार जाती आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. नुसतं शटर वाढवत बसलात तर चारपैकी दोनच सुटतील.

फोटो १०० टक्के करा आणि पक्षी सोडून बाकीचं बघा. पुढचं-मागचं एखादं पान, फांदीची साल, शेपटी, यातलं काही धारदार दिसतंय? मग फोकस चुकलाय. ४ मीटरवर ६०० मिमी आणि एफ ६.३ म्हटल्यावर तुमच्या सेन्सरवर स्पष्ट भागाची खोली जेमतेम १ सेंमी मिळते. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत १० सेंमीचा. तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर डोळा स्पष्ट आणि शेपटी धूसर येणारच, त्यात लेन्सचा दोष नाही. एफ ८ केलंत तरी दीड सेंमीच्या आतच राहता. म्हणून पक्षी आडवा, सेन्सरला समांतर झाला की बटण दाबा. फोकसचा एकच छोटा बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती वापरा.

लेन्सच्या बाजूचं फोकस लिमिटरचं (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं) बटणही तपासा. या लेन्सवर त्याच्या तीन जागा आहेत: पूर्ण, १० मीटर ते अनंत, आणि २.८ ते १० मीटर. ते मधल्या जागेवर असेल तर ४ मीटरवरचा पक्षी फोकसमध्ये येणारच नाही. परसात २.८ ते १० ठेवा. पक्षी २.८ मीटरच्या आत आला तर ही लेन्स त्याला धरू शकत नाही, खुर्ची मागे घ्या.

फांदी आणि पक्ष्याचे पाय स्पष्ट, पण डोकं पुसट, असं दिसलं तर ती पक्ष्याची हालचाल. शिंजीर बसल्या बसल्याही मान सतत फिरवतो, त्याला १/५०० पुरत नाही. बसलेल्याला १/१२५०, फुलापुढे तरंगणाऱ्याला १/३२०० पासून वर. तरी पंखांची टोकं पुसट येतील. ती येऊ द्या, बरी दिसतात. आयएसओ ३२०० झाला तर घाबरू नका. अंधारा फोटो काढून नंतर उजळवला तर त्याहून जास्त दाणे दिसतात.

तिसरी जात हाताच्या कंपाची. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी, पानावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झालेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर तांदळाची पिशवी ठेवून लेन्स तिच्यावर टेका.

चौथी हवेची, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय हिच्यावरच आहे. गॅस चालू असला की स्वयंपाकघरातली गरम हवा त्याच खिडकीतून बाहेर पडते आणि तुम्ही तिच्यातूनच फोटो काढताय. मध्ये उन्हात तापलेला पत्रा किंवा चिऱ्याची फरशी असेल तरी तेच. खूण अशी: सलग दहा फोटोंत दोन बरे, बाकी सगळे मऊ, आणि मऊपणाला दिशा नाही. यावर ना शटर चालतं ना लेन्सचा कंप रोखणारा स्टॅबिलायझर. एसीच्या खोलीतून काढत असाल तर तिथेही थंड आणि गरम हवा खिडकीतच मिसळते. बाहेर या, दोरीवर जुनी चादर लावा, तिला भोक पाडून लेन्स काढा आणि मागे शांत बसा. पक्षी लवकरच सरावतात.

लेन्सची परीक्षा घ्यायची तर सकाळी सातच्या सुमारास, जमीन तापायच्या आत, बारीक छपाईचं वर्तमानपत्र ४ मीटरवर सपाट लावा. लेन्स पिशवीवर टेकवून १/२००० ला दहा फोटो काढा आणि दर वेळी फोकस मोडून पुन्हा धरा. अक्षरं सुबक आली तर लेन्स ठणठणीत आहे. फोकस दर वेळी ठरावीक अंतर पुढे किंवा मागे पडत असेल आणि कॅमेरा आरशावाला (डीएसएलआर) असेल, तर मेन्यूतून फोकसचं फाइन ट्यूनिंग करून घ्या.

रानवाट

तांबट यांच्याशी सहमत. पार्श्वभूमीबद्दल थोडं. हमेलियापासून मीटरभरावर एक वाळकी, बोटाएवढी फांदी रोवा, तिच्यामागे ५-६ मीटर मोकळं असेल अशी. पक्षी फुलावर जाण्याआधी तिथे टेकतो आणि मागचा सगळा हिरवा रंग एकसंध होतो. जवळच सावलीत पसरट मातीचं परळ ठेवा, पाणी ३ ते ५ सेंमी, मध्ये एक खरबरीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला परळ चिकटवू नका.

साखरपाणी नको, मोबाइलवरून आवाज वाजवणं नको. शिंजिराचं लोंबतं घरटं दिसलं तर त्या बाजूला लेन्स वळवूच नका. आपल्या येण्याजाण्यामुळे कावळ्यांना आणि भारद्वाजाला घरट्याचा पत्ता लागतो.

नैरोबीकर

मारासाठी ट्रायपॉड नको, गाडीत तो उघडतच नाही. रिकामी कापडी बीनबॅग आणा आणि इथे नैरोबीत २-३ किलो तांदूळ किंवा राजमा भरून घ्या. उघड्या छताच्या कडेवर ती ठेवली की लेन्सचा भार हातावर येत नाही. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. नुसत्या इंजिनाच्या थरथरीनेही ६०० मिमीचा फोटो वाया जातो. गाडीत इतर मंडळी असतील तर त्यांनाही तेवढा वेळ हलू नका म्हणावं.

इथे सूर्य बाराही महिने साधारण साडेसहाच्या आसपास उगवतो आणि मावळतो. कामाचे फोटो सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात गवतावरून हवा लहरत असते, १०० मीटरवरचा चित्ता कुठल्याही लेन्सने मऊच येणार. त्या वेळी २०-३० मीटरवरचं काहीतरी घ्या. बसलेल्या सिंहाला १/५०० पुरे, पळणाऱ्या चित्त्याला १/२०००, नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टना (कळपाने फिरणाऱ्या मोठ्या हरणांना) १/१६००. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, कमाल मर्यादा ६४००.

राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे. जवळ जा म्हणून ड्रायव्हरला गळ घालू नका, दंड त्याला होतो आणि शिकार मोडते ती वेगळीच.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून जाणाऱ्या लहान विमानांत हातातल्या सामानासकट साधारण १५ किलोच चालतं आणि बॅग मऊ लागते, चाकांची कडक सूटकेस नाही. तुमची लेन्सच जवळपास २ किलोची. जादा बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून धुळीसाठी उशीचा अभ्रा आणा आणि कॅमेरा वापरात नसताना त्यात ठेवा. गाडीत लेन्स काढायची नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून कॅमेरा आणि लेन्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, सीरियल नंबर लिहून. परतताना ड्युटीचा वाद होत नाही. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, तेवढं विसरू नका.

परसदार

फारच उपयोगी, मनापासून आभार. उद्या सकाळी गॅस पेटायच्या आत वर्तमानपत्र लावतो. एक राहिलं: मित्र १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायचं, पल्ला वाढवणारं भिंग) देतोय, न्यावा का?

तांबट

नको. एफ ६.३ चं एफ ९ होईल, पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमक्या चांगल्या उजेडात, फोकस अडखळेल, आणि दुपारी हवेची लहर तेवढीच मोठी होऊन दिसेल. त्याऐवजी मित्राकडे दुसरी कॅमेरा बॉडी असेल तर ती मागा आणि तिच्यावर १८-५५ सारखी साधी लेन्स लावून ठेवा. माराला जनावर पुष्कळदा गाडीला इतकं खेटून जातं की ६०० मिमीत नुसता कान मावतो. रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) मध्ये हजार फोटोंना साधारण २५ जीबी लागतात, कार्डं त्या हिशोबाने घ्या आणि रोज रात्री दुसरीकडे कॉपी करा.