मदत हवी आहे: हरणांसाठी पेरलेला क्लोव्हर पिवळा पडला, माती पुन्हा तपासू का?

ओढ्याकाठचा (धागाकर्ता)
नमस्कार. घाईत लिहितोय, शनिवारी पेरणी करायची आहे. गेल्या वर्षी हरणांसाठी २० गुंठ्यांत फूड प्लॉट केला, लॅडिनो क्लोव्हर (चाऱ्याचं एक पीक) पेरला. उगवण छान झाली, बोटभर वाढला आणि मग पिवळा पडत गेला. उन्हाळ्यात नुसतं तण. माती आधी तपासून घेतली होती आणि अहवालात होतं तेवढं लाइमसुद्धा (दळलेली चुनखडी, आंबट मातीसाठी) टाकलं होतं. त्यामुळे बीच वाईट होतं असं माझं मत झालंय. या वेळी दुसऱ्या कंपनीचं बी आणलंय. प्रश्न एवढाच: माती परत तपासायची की जुना अहवाल चालेल?

काळी_आई
पिवळं पडतंय म्हणजे जमीन चोपण आहे, सोडियम जास्त झालाय. एकरी दोन टन जिप्सम टाका, शेणखत टाका, पाण्याचा निचरा करा. आमच्या बार्शीकडे माझ्या रानाचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल) ८.६ होता, तीन वर्षांत जमीन सुधारली. गाव कोणतं तुमचं?

मातीमित्र
काळी_आई, थांबा जरा. क्लोव्हर आणि लाइम म्हणतायत म्हणजे हे महाराष्ट्रातलं नाही. धागाकर्ते, जागा कुठे, सामू किती आला, लाइम किती टाकलं, नमुना कसा घेतला? यातलं काहीच लिहिलेलं नाही. मी माती परीक्षण प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली आहेत, आकड्यांशिवाय काही सांगणार नाही.

ओढ्याकाठचा
सॉरी, नॉर्थ कॅरोलायना. रॉलीच्या उत्तरेला तासाभरावर, पर्सन काउंटी. माती लाल, चिकण. सामू ५.०. लाइम ७० पौंड सांगितलं होतं, मी ४० पौंडांची दोन पोती टाकली, म्हणजे थोडं जास्तच. नमुना नेहमीसारखा घेतला.

रोहीग्रस्त
दादा, राग मानू नका, पण वाचून जीव कसानुसा झाला. आमच्याकडे हरभरा वर आला की रोही (नीलगाय) आणि हरणं रात्रीतून साफ करतात. थंडीत माझे वडील ६८ व्या वर्षी मचाणावर जागलीला बसतात. आणि तिकडे हरणांसाठी मुद्दाम पेरायचं? कशासाठी?

ओढ्याकाठचा
रोहीग्रस्त, तुमचं दुःख समजतं, माझे मामा यवतमाळचे आहेत. इथे मी आणि माझा मुलगा हंगामात शिकार करतो, दोघांनी हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय. मांस आम्ही वर्षभर खातो. प्लॉट असला की हरणं शेजारच्या सोयाबीनमध्ये कमी जातात, हाही हेतू आहे. पण मला बियाण्याचं सांगा.

लँकेस्टरचा_पाटील
क्लोव्हरचा नाद सोडा. मी पेनसिल्व्हेनियात आठ वर्षं प्लॉट करतोय. राय (गव्हासारखं धान्य) आणि सलगम टाका, कसल्याही मातीत येतं. इकडे पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला पैसे भरून पाकीट पाठवावं लागतं, मी दोनदा पाठवलं आणि मग सोडून दिलं.

मातीमित्र
पाटील, राय आम्लता बऱ्यापैकी सोसते, हे खरं. सलगम सोसत नाही, त्याला ६ च्या आसपास सामू लागतो. "कसल्याही मातीत" असं नवख्याला सांगू नका.

लँकेस्टरचा_पाटील
माझ्याकडे आलंय, म्हणून सांगितलं.

मातीमित्र
तुमच्याकडे लँकेस्टरमध्ये खाली चुनखडकाची जमीन आहे. त्यांच्याकडे पीडमॉंटची, म्हणजे डोंगरपायथ्याच्या पट्ट्यातली लाल माती. पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम वर्षानुवर्षं धुऊन नेलं, लोह राहिलं म्हणून ती लाल. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं खुंटतात. आणि काळी_आई, जिप्समने सामू वाढत नाही. ते चोपण जमिनीतला सोडियम हटवायला. तुमच्या रानाला लागू पडलं ते बरोबरच होतं, इथे रोग उलटा आहे.

काळी_आई
मान्य. पण शेणखत कुठेही चालतं, ते तरी मोडीत काढू नका.

केरीची_मेघना
मी इथे नॉर्थ कॅरोलायनात एक्स्टेंशन (कृषी विस्तार सेवा) मास्टर गार्डनर, म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवक म्हणून काम करते, असे अहवाल रोज हातात येतात. ओढ्याकाठचा, फॉर्मवर पीक कोणतं लिहिलं होतं? आणि त्या ७० च्या पुढे एकक काय आहे?

ओढ्याकाठचा
पीक "लॉन" लिहिलं होतं. हरणांचं वेगळं काही असेल हे डोक्यातच आलं नाही, गवतासारखंच तर आहे. एकक "एम" लिहिलंय. मला वाटलं काहीतरी कोड आहे.

केरीची_मेघना
तिथेच घोळ झाला. एम म्हणजे दर १,००० चौरस फुटांना इतके पौंड. लॉन लिहिल्यावर शिफारस अशीच येते. एकराचे ४३,५६० चौरस फूट, तुमचे २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, २१,७८०. त्याला हजाराने भागून ७० ने गुणा: साधारण १,५२५ पौंड. म्हणजे ३८ पोती. तुम्ही दोन टाकलीत.

ओढ्याकाठचा
३८??

मातीमित्र
मेघनाताई, अगदी बरोबर. एकरी हिशेब केला तर दीड टन, आणि तोही अमेरिकन टन, २,००० पौंडांचा. धागाकर्ते, बियाण्याला दोष देण्याआधी एक करा. रानात क्लोव्हरचं एखादं रोप उरलं असेल तर खुरप्याने मातीसकट काढा, ओढू नका. बादलीत मुळं हलकेच धुवा. बारीक गाठी दिसतात का? नखाने फोडून आतला रंग सांगा.

कातळ
आमच्या दापोलीकडेही जांभ्याची माती आंबटच. राब भाजला (रानात पालापाचोळा जाळला) की राख पडते आणि त्यावर नाचणी जोरात येते. तुम्ही लाकडाची राख का नाही वापरत, फुकट असते. आणि चुना टाकायचाच तर कळीचा चुना पाण्यात विरवून शिंपडा, लगेच काम करतो.

मातीमित्र
कातळ, राखेने सामू वाढतो, पण अर्ध्या एकराला एवढी राख आणायची कुठून? कळीचा चुना मात्र कृपया नको. डोळे आणि हात भाजतात, जास्त पडला तर सामू एकदम वर जातो. इथे हवी दळलेली चुनखडी. मराठीत दोन्हीला चुनाच म्हणतात म्हणून हा गोंधळ होतो. अहवालात मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियमवाली चुनखडी) घ्या.

निसर्गवेडी
मी न्यू जर्सीत राहते. हरणं ट्यूलिप खातात, त्यावर उपाय म्हणजे आठ फुटी जाळी. साबणाच्या वड्या बांधून काही होत नाही. गोचीड मात्र रोज तपासा.

ओढ्याकाठचा
ट्यूलिप नाहीत हो आमच्याकडे.

ऑफिसमधून येऊन रोपं काढली. ओढ्याच्या बाजूला पाच-सहा जिवंत होती. मुळं वीतभर असतील असं वाटलं होतं, निघाली बोटाच्या दोन पेरांएवढी, टोकं जाड आणि तपकिरी. गाठी अगदी थोड्या, मोहरीपेक्षा लहान. फोडल्या तर आत पांढरट-हिरवट. बियाण्याला जिवाणू लावलेले होते, पिशवीवर तसं छापलंय.

मातीमित्र
काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, तिच्यातले जिवाणू हवेतलं नत्र रोपाला देतात. जिवाणू होते, पण आम्लात टिकले नाहीत, आणि मुळंही पसरली नाहीत. नत्र मिळालं नाही म्हणून पाला पिवळा. बी निर्दोष आहे.

ओढ्याकाठचा
मग अहवालात नत्र कमी असं का लिहिलं नव्हतं? फक्त जस्त "खूप जास्त" होतं, बाकी स्फुरद कमी.

केरीची_मेघना
नेहमीच्या चाचणीत नत्र मोजतच नाहीत. ते पावसाबरोबर खाली जातं, आजचा आकडा महिन्याने खरा राहत नाही. जस्ताचं विचारते: माती कशात गोळा केली होती?

ओढ्याकाठचा
गॅरेजमधली पत्र्याची बादली.

केरीची_मेघना
जस्ताचा मुलामा असतो तिला, तो मातीत उतरला. सामूवर त्याचा परिणाम नाही, ५.० खराच समजा. पण नवीन नमुना घ्या: प्लास्टिकची बादली, नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणची माती, एकत्र करून खोका भरा. लॉनसाठी चार इंच घेतात. तुम्ही नांगरणार असाल तर सहा ते आठ इंच. ओढ्याकाठची माती वेगळी दिसत असेल तर तिचा वेगळा खोका. खोके आणि फॉर्म काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसात मिळतात. एप्रिल ते नोव्हेंबर चाचणी फुकट असते, डिसेंबर ते मार्च नमुन्याला ४ डॉलर. पीक या वेळी क्लोव्हरचंच लिहा.

काळी_आई
आमच्याकडे व्ही आकाराचा खड्डा घेतो, वीतभर खोल, कडेची माती वरून खालपर्यंत सारखी खरवडतो. मग ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. हे तिकडेही चालेल ना?

मातीमित्र
उत्तम चालेल.

लँकेस्टरचा_पाटील
बरं, शनिवारचं काय? त्यांनी विचारलेलं तेच राहिलं.

मातीमित्र
शनिवारी आधी नमुना घ्या, मग ३८ पोती. लाइमला सामू चढवायला महिने लागतात आणि ते जागचं हलत नाही, म्हणून वर फेकून न ठेवता सहा इंचांपर्यंत मिसळा. या हंगामात ओट किंवा राय पेरा, पाटलांचं एवढं ऐका. लॅडिनो पुढच्या सप्टेंबरात, सामू ६ च्या वर गेल्याचं बघून.

लँकेस्टरचा_पाटील
आभारी आहे.

रोहीग्रस्त
अवांतर: माझ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू ८.१ आहे. त्याला हरभरा चालेल का, की वेगळा धागा काढू?

मातीमित्र
चालेल, पण वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. पत्रिकेतले सेंद्रिय कर्ब आणि क्षारतेचे आकडे आधीच लिहा.

ओढ्याकाठचा
मुलगा म्हणतोय ३८ पोती आपल्या गाडीत तीन खेपांत येतील. क्लोव्हरची पिशवी उघडलेली नाही, ती पुढच्या वर्षीपर्यंत चालेल का?

केरीची_मेघना
बी कोरड्या, थंड जागी ठेवा, बऱ्यापैकी उगवेल. पिशवीवरच्या जिवाणूंची मुदत मात्र तेव्हा संपलेली असेल, ते पेरणीच्या वेळी नवीन आणा. आणि पत्र्याची बादली या कामाला नको.